‘ऐकत नाही’ हा शेरा

लग्नाकार्यात माझी जाऊ कोणाला तरी सांगते, "ही आमची मीनाक्षी, हुशार मुलं शोधायचं काम करायची," आणि माझं जेवण तिथेच संपतं. पाच मिनिटांत कोणी ना कोणी नातवाला दंडाला धरून माझ्यापुढे उभं करतं. "मॅडम, याचं जरा बघा ना. तीन वर्षांचा आहे, पण मोबाइल असा चालवतो, की मैं क्या बताऊँ!" मी श्रीखंडाचा चमचा हातात धरून मुलाकडे बघते, मूल माझ्याकडे बघतं. आपल्याला इथून सुटायचंय हे दोघांनाही कळत असतं.

काम मात्र खरंच तेच होतं. इंदूरच्या एका छोट्या मानसशास्त्र संशोधन केंद्रात मी एकोणतीस वर्षं काढली. असामान्य बुद्धीची मुलं लहान वयात कशी ओळखायची, ओळखल्यावर त्यांना काय द्यायचं, आणि पुढे त्यांचं काय होतं, हा आमचा विषय. शाळाशाळांतून तिसरी ते पाचवीच्या मुलांची नावं यायची, त्यांची आम्ही परीक्षा घ्यायचो, आणि वरच्या मोजक्या मुलांसाठी दर शनिवारी एक वर्ग चालवायचो. तिथे अभ्यासक्रम नव्हता. मुलं प्रश्न आणायची, आणि त्या प्रश्नाचा पिच्छा पुरवायचा.

बाहेरच्याला वाटतं, परीक्षा म्हणजे पेपर. तसं नाही. एका खोलीत एक मूल, मी, मध्ये टेबल. मी पुस्तिकेतून प्रश्न वाचायचा, मुलाने सांगायचं, मी शब्दन् शब्द लिहून घ्यायचा. काही ठोकळे, काही चित्रं, काही आकडे. आकडे ऐकून उलट्या क्रमाने म्हणायचे. सगळं घरच्या भाषेत. यातली सगळ्यात कठीण गोष्ट म्हणजे चेहरा. उत्तर बरोबर असो की चूक, चेहऱ्यावर काही दिसता कामा नये. ‘शाबास’ म्हणायचं नाही, ‘अगं, नीट विचार कर’ म्हणायचं नाही. आई म्हणून मला हे घरी कधी जमलं नाही, पण त्या खोलीत जमायचं, आणि त्याचा मला गर्व होता.

दुसरा नियम, एकदा घेतलेली परीक्षा वर्षभर पुन्हा घ्यायची नाही. मुलं प्रश्न लक्षात ठेवतात. पालक तर ठेवतातच. एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. मी प्रश्न अर्धा वाचला की पोरगी उत्तर देऊन मोकळी. बाराव्या प्रश्नाला ती थांबली आणि म्हणाली, "ये वाला तो पापा ने बताया ही नहीं." मग हळूच, "पापांना सांगू नका हं." त्यांनी कुठून तरी प्रश्न मिळवून दोन महिने तिच्याकडून पाठ करून घेतले होते. अशांमुळे नियम कडक होते, आणि मी ते पाळणाऱ्यांतली होते. पुढचं सांगायच्या आधी हे सांगितलेलं बरं.

करोनाच्या मोठ्या बंदीनंतर शाळा उघडल्या, त्या वर्षीची गोष्ट. मुलं वर्गात परत आली होती, सगळ्यांच्या तोंडावर मास्क. जुनी इंदूर भागातल्या एका शाळेतून चार नावं आली. त्यात रेवा जगदाळे हे नाव शाळेने नाही, तिच्या आईने पाठवलं होतं. रेवा नऊ वर्षांची, चौथीत. आई सविता घराच्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायची, साड्यांना फॉल-पिको करायची. वडील पीथमपूरला कारखान्यात पाळीवर.

रेवाच्या वर्गशिक्षिका तिवारी मॅडम मला पायऱ्यांवरच भेटल्या. "मैडम, इसको मत लो. ये सुनती ही नहीं है."

"म्हणजे?"

त्या अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलत राहिल्या. "पहले फर्स्ट आती थी. आता बघा, एक सांगितलं की दुसरंच करते. ओरडलं की बघत राहते. घमंड आ गया है, और क्या. प्रिन्सिपल बोलून राहिल्यात, चौथीतच ठेवा अजून एक वर्ष. आईला कागदावर सही करायला बोलावलंय."

तिवारी मॅडम वाईट बाई नव्हत्या. पन्नास मुलं, दोन वर्षांचा बुडालेला अभ्यास, आणि मास्कमधून दिवसभर ओरडून बसलेला घसा. मी त्यांच्या म्हणण्याची नोंद केली: ‘शिक्षिकेचं मत – ऐकत नाही.’ आणि रेवाला आत बोलावलं.

दोन वेण्या, मोठे डोळे, त्या डोळ्यांची पापणी लवत नव्हती. ठोकळ्यांपासून सुरुवात केली. मी नमुना दाखवायचा, तिने तसा करायचा. एकोणतीस वर्षांत त्या ठोकळ्यांवर इतके सरळ हात चालताना मी फार थोड्या वेळा पाहिले. शेवटचा नमुना बहुतेक मुलांना जमत नाही. तिने तो केला, मोडला, आणि दुसऱ्या पद्धतीने पुन्हा केला. मी चेहरा सांभाळला.

मग प्रश्न सुरू झाले आणि सगळं ढासळलं.

"घोडा आणि बैल यांच्यात सारखं काय?"

"दोन्ही ठोकले की वाजतात."

चूक. मी लिहून घेतलं.

"पाऊस पडला नाही तर काय होईल?"

"माणूस तिथेच उभा राहील."

चूक. तिवारी मॅडमचं म्हणणं आठवलं. ही पोरगी चेष्टा करते की काय? पण चेष्टा करणाऱ्या मुलाचे डोळे हसतात. हिचे डोळे माझ्या कपाळावर, भुवयांवर, मास्कच्या कडेवर काहीतरी शोधत होते. शेवटी तिच्या ओठांवर घाम आला असावा, कारण तिचा मास्क ओला दिसत होता.

दुपारी केंद्रात बसून गुण लावले. ठोकळे आणि चित्रं सगळ्यात वर, प्रश्न सगळ्यात खाली, बेरीज मध्यम. शनिवारच्या वर्गात बसत नाही. शेरा लिहायला पेन उचललं. आकड्यांचा भाग शेवटी राहिला होता, तो तपासायला घेतला. त्यातही ती बरीचशी चुकलेली. पण चुका विचित्र होत्या. लांबच्या लांब रांग तिने उलट्या क्रमाने बरोबर म्हटली होती, फक्त एक आकडा चुकवून. पुढच्या रांगेतही एकच. मी बोट ठेवत गेले. जिथे जिथे मी ‘सात’ म्हटलं होतं, तिथे तिथे तिने ‘आठ’ म्हटलं होतं. दुसरा एकही आकडा चुकला नव्हता.

सात. आठ. मी ते दोन शब्द टेबलावर एकटीच बसून म्हटले. मग वरची उत्तरं पुन्हा वाचली. पाऊस नाही, पाऊल. पाऊल पडलं नाही तर माणूस तिथेच उभा राहील. बरोबरच आहे की! घोडा आणि बैल नाही, घडा आणि बेल. दोन्ही ठोकले की वाजतात. तिची उत्तरं बरोबर होती, फक्त मी न विचारलेल्या प्रश्नांची होती. पोरगी अर्धे शब्द ऐकत होती, उरलेले जुळवत होती, आणि जे जुळेल त्याचं चोख उत्तर देत होती. सगळे म्हणत होते ती ऐकत नाही. खरंच ऐकत नव्हती, आणि हे शब्द कोणीही त्यांच्या साध्या अर्थाने घेतले नव्हते. मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या अंगणात उभी राहिले. रेवा दूर, नळाजवळ, माझ्याकडे पाठ करून. "रेवा!" मी हाक मारली. तिच्या बाजूची तीन मुलं वळली, ती नाही. त्या मुलांकडे बघून मग ती वळली. मी मास्क खाली ओढला आणि नुसते ओठ हलवले: रेवा, इकडे ये, डबा खाल्लास का?

ती धावत आली. "हो, खाल्ला. भेंडी होती."

मी आवाज काढलाच नव्हता.

ही मुलगी किती वर्षं माणसांचे ओठ वाचून पहिली येत होती कोण जाणे. जगाने तोंडाला मास्क बांधला त्या दिवशी तिचं पुस्तकच बंद झालं होतं, आणि आपण तिला घमेंडखोर म्हणत होतो.

सविताकडे गेले तेव्हा ती मशिनवर होती. सगळं ऐकून घेतलं आणि उठून उभी राहिली. "मॅडम, माझी पोर बहिरी नाही आहे. माझ्याशी सगळं बोलते. तुम्ही हे कुठे लिहून तर नाही ना दिलं? बहिरी म्हटलं की खतम. शाळा काढून टाकेल, पुढे लग्नाला त्रास."

"कुठे लिहिलं नाही. पण एकदा दवाखान्यात…"

"नाही. तुम्ही या आता."

मी दोन दिवसांनी पुन्हा गेले. तिने चहा दिला आणि विषय बदलला. तिसऱ्यांदा गेले तेव्हा चहाही दिला नाही. मी म्हणाले, "सविता, मी काही समजवत नाही. तू मशिनवर बस, मी कोपऱ्यात बसते. तू रोजच्यासारखं काम कर."

रेवा आईच्या पाठीमागे खाटेवर वही घेऊन बसली होती. सविताने काम सुरू केलं. थोड्या वेळाने मशिन थांबवून, मान न वळवता म्हणाली, "रेवा, ती निळी रीळ दे गं." काही नाही. "रेवा, निळी रीळ." काही नाही. सविताचा आवाज चढला, "रेवा, कधीपासून सांगून राहिले!" मग तिने मान वळवली. पोरगी मान खाली घालून शांतपणे लिहीत होती. तिचं काही चुकलेलंच नव्हतं.

सविता किती तरी वेळ तशीच मान वळवून बसली. मग मला म्हणाली, "मी रोज हिला पाठीमागून बोलत असते, मॅडम. रोज. मग चिडून मारतेही कधी कधी." दवाखान्यात कधी जायचं ते मीच ठरवलं.

सरकारी दवाखान्यातल्या तपासणीने तेच सांगितलं. दोन्ही कानांनी कमी, वरच्या पट्टीतले आवाज जवळजवळ नाहीत. ‘स’, ‘श’ तिच्यासाठी नव्हतेच. कानाची यंत्रं मिळायला काही आठवडे गेले. मधल्या काळात सविताने तिवारी मॅडमना एक मास्क शिवून दिला, ओठांपुढे पारदर्शक प्लास्टिकची खिडकी लावलेला. ते प्लास्टिक श्वासाने धुरकट व्हायचं, मग तिनेच शोधून काढलं की आतून भांड्याचा साबण चोळला तर होत नाही. तिवारी मॅडमनी तो मास्क घातला. पहिल्या दिवशी मला फोन करून म्हणाल्या, "मैडम, सब सुनती है वो. मैंने उसको कितना डाँटा था." आणि रडायला लागल्या. चौथीत ठेवायचा कागद तिथेच फाटला.

यंत्रं कानात बसली त्या दिवशी आम्ही सगळे रेवा काय म्हणते म्हणून बघत होतो. घरी आल्यावर आईने मशिन सुरू केलं, तशी ती दचकून म्हणाली, "आई, तू दिवसभर या आवाजात बसतेस?"

इथे गोष्ट संपवली असती तर बरं दिसलं असतं. पण माझं काम मुलांचे कान तपासायचं नव्हतं. शनिवारचा नवा वर्ग महिन्याभरात भरणार होता, आणि रेवाचा निकाल कागदावर मध्यमच होता.

मी आमच्या प्रमुखांकडे गेले. पुराणिक सर. आयुष्यभर या एका विषयाला वाहिलेला माणूस, शिस्तीचा, आणि माझा गुरू.

"मीनाक्षीजी, निकाल रद्द करू. ते बरोबर आहे," ते म्हणाले. "पण मग तिच्याकडे निकालच नाही. निकाल नसलेल्या मुलीला वर्गात कसं घेणार? आणि पुन्हा परीक्षा वर्षभर घेता येत नाही. हा नियम तुम्हीच नव्या लोकांना शिकवता."

"थांबलो तर तिचं अख्खं वर्ष वाया जाईल, सर."

"एका मुलीसाठी नियम मोडला तर आपल्या सगळ्या आकड्यांना अर्थ उरत नाही."

त्यांचं चूक नव्हतं, हाच त्रास होता. मी तीन वेळा गेले, तीन वेळा परत आले. घरी नवरा म्हणाला, "सोड आता, रिटायरमेंटला उरले किती दिवस?" मी म्हणाले, "म्हणूनच."

चौथ्यांदा जाताना मी रेवाची वही नेली. तिच्या घरी मी सहज विचारलं होतं, "तुला कसं गं कळायचं कोण काय बोलतंय ते?" तेव्हा तिने खाटेखालून ती काढून दिली होती. बंदीच्या काळात घरी बसून भरलेली. प्रत्येक पानावर शब्दांचे गट. पाप, बाप, माप: ‘हे ओठांवर एकच दिसतात. पुढचं वाक्य बघून ठरवायचं.’ मग पुढे: ‘ओठ मिटतात ती अक्षरं – प ब म, आणि भ.’ ‘दात दिसतात ती.’ ‘काहीच दिसत नाही ती – क ग ह. ही सगळ्यात खराब.’ एके ठिकाणी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘पुस्तकात पण प फ ब भ म एका ओळीत आहेत! ज्याने ओळ बनवली त्यालाही ऐकू येत नसेल.’

सरांनी वही वाचायला घेतली. मी समोर बसून होते. दहा मिनिटांनी ते उठले, पुस्तकांच्या कपाटाच्या काचेपुढे उभे राहिले आणि स्वतःच्या ओठांकडे बघत म्हणू लागले, "पाप… बाप… माप." पुन्हा, "पाप… बाप…" शिपाई दारात आला आणि तसाच मागे गेला.

"नऊ वर्षांची?" सरांनी विचारलं.

"आठव्या वर्षी लिहिलंय, सर."

"हजेरीपटावर नाव घालता येणार नाही," ते काचेकडेच बघत म्हणाले. "पण खोलीत एक खुर्ची जास्त ठेवली तर ती कोणी मोजत नाही."

वर्षभर रेवा त्या खुर्चीवर बसली. वर्ष झाल्यावर नियमाने तिची परीक्षा झाली, मी नव्हे, दुसऱ्या परीक्षकाने घेतली. निकाल सांगायची परवानगी नाही. सरांनी तो कागद दोनदा वाचला आणि स्वतःच्या हाताने तिचं नाव हजेरीपटावर लिहिलं, एवढं सांगते. आता ती आठवीत आहे, आणि तिच्या वर्गातल्या मुलांना मॅडम काय कुजबुजतात ते पन्नास फुटांवरून सांगते. ही तक्रारही तिवारी मॅडमनीच केली, मोठ्या कौतुकाने.

माझं मात्र त्यानंतर बिनसलं. सारखं वाटायला लागलं, रेवाच्या आधी किती? शनिवारच्या वर्गात घेतलं नाही अशा मुलांचे कागद केंद्राच्या लोखंडी कपाटांत पडून होते. ते पुन्हा कोण वाचतो? मी वाचायचं ठरवलं. निवृत्तीआधीचं शेवटचं वर्ष, रोज दुपारी दोन तास. कुठे अर्धा भाग वर नि अर्धा खाली, कुठे उत्तरं भलत्याच प्रश्नाची, असे कागद बाजूला काढत गेले.

असाच एक कागद हातात आला, वीस वर्षांपूर्वीचा. मुलगी आठ वर्षांची, नाव श्रद्धा. सुरुवातीची उत्तरं अशी, की वाचताना माझा हात थांबला. आणि मग एकदम, ‘माहीत नाही’. पुढचं, ‘माहीत नाही’. शेवटपर्यंत तेच. खाली शेरा होता: ‘लवकर थकते. चिकाटी नाही.’ अक्षर माझं, सही माझी.

मला खात्रीच झाली, हिलाही ऐकू येत नसणार. तिचा जुना पत्ता जुनी इंदूरचाच होता. तिथे कळलं, घर विकून लोक शहराबाहेर राऊला गेले. राऊला दोन दिवस हिंडले. एका किराणावाल्याने सांगितलं, "अरे वो, जो कॉलेज की लायब्ररी में है? श्रद्धा दीदी?"

कॉलेजच्या ग्रंथालयात काउंटरमागे एक बाई बसली होती, अठ्ठावीस-तिशीची. एक मुलगा तिला सांगत होता, "दीदी, वो किताब, जिसका कव्हर हरा सा था, पिछले साल ली थी मैंने." ती न विचारता उठली आणि पुस्तक घेऊन आली. तिची माझ्याकडे पाठ होती तेव्हा मी मुद्दाम हळू आवाजात म्हणाले, "श्रद्धा."

ती लगेच वळली. "हो?"

माझं सगळं गणित तिथेच चुकलं. मी कोण ते सांगितलं. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि हसली. "तुम्ही चष्मा लावायला लागल्या, मॅडम. मला आठवतं ना. ठोकळे होते, लाल-पांढरे."

बाहेर बाकावर बसलो. मी तिला सरळ सांगितलं, की तुझा कागद मी वाचला, सुरुवातीला तू फार चांगली उत्तरं दिलीस, मग अचानक थांबलीस. का, ते तुला आठवत असेल तर सांग.

ती म्हणाली, "तुम्हाला राग नाही ना येणार? तुम्ही सारख्या घड्याळाकडे बघून राहिल्या होत्या. मग दाराकडे. हातात रुमाल होता, तो एवढासा करून मुठीत धरला होता. मला वाटलं, यांच्या घरी कोणीतरी आजारी आहे आणि यांना जायचंय, पण माझं संपल्याशिवाय जाता येत नाही. म्हणून मी म्हणत गेले, माहीत नाही, माहीत नाही. म्हणजे लवकर संपेल."

माझे वडील त्या आठवड्यात अतिदक्षता विभागात होते. केंद्रात मी कोणालाही सांगितलं नव्हतं. चेहरा सांभाळायचं माझं कसब, ज्याचा मला एवढा गर्व, ते आठ वर्षांच्या पोरीने तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला वाचून टाकलं होतं. आणि वाचून तिने काय केलं, तर स्वतःची जागा सोडून दिली. हे मोजायला आमच्या पुस्तिकेत रकानाच नव्हता. मी तिला मोजत होते, ती मला. तिचं माप बरोबर आलं.

"होते का कोणी आजारी?" तिने विचारलं.

"वडील. पंधरा दिवसांनी गेले."

"बघा," ती म्हणाली, जणू वीस वर्षं अडकलेलं उत्तर जुळलं.

मग मी नको ते विचारलं, पुढे शिकली का नाहीस? ती म्हणाली, बारावीनंतर राहून गेलं. घरी सगळे म्हणायचे, हिच्यात चिकाटी नाही, केंद्राच्या मॅडमनीही तसंच लिहिलंय. आम्ही तेव्हा पालकांना शेरा वाचून दाखवायचो. तो एक शब्द त्या घरात वीस वर्षं राहिला होता.

"मी काय करू सांग," मी म्हणाले. "फी, पुस्तकं, कोणाशी बोलायचं असेल तर…"

"फॉर्म मी भरलाय, मॅडम. बीए. दोन विषयांचे पेपर झालेही. ते सगळं मी करेन." तिने ओढणी सारखी केली. "तुम्ही एक करा. तिथे तुमची सही आहे ना, त्याच्याखाली खरं लिहा. बस."

मी सांगायला गेले, की जुन्या नोंदींत बदल करता येत नाही, नियम आहे. तोंड उघडलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी कपाटातून कागद काढला. जुन्या शब्दांना हात लावला नाही. खाली आजची तारीख घालून लिहिलं: ‘ही परीक्षा झालेली नाही. परीक्षकाचं लक्ष नव्हतं. मुलीत चिकाटी नाही हा शेरा खोटा आहे.’ पूर्ण नाव, सही. आणि कागद पुराणिक सरांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी वाचला. बराच वेळ पेन बोटांत फिरवत राहिले. "मीनाक्षीजी, हे मान्य केलं तर त्या वर्षीचे आपले आकडे बदलतात. छापून गेलेत ते."

"हो, सर."

"तुमचे असे आणखी किती कागद निघतील?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "सगळे वाचते, मग सांगते."